'सिंगापूर स्लिंग' : एक ग्रीक अपराध-प्रहसन आणि त्याचे संग्राहक

निकोस निकोलाईदिस (१९३९–२००७) ह्या ग्रीक दिग्दर्शकाचा 'सिंगापूर स्लिंग' हा कृष्णधवल चित्रपट १९९० साली पूर्ण झाला आणि त्याच वर्षी थेसालोनिकी येथील महोत्सवात दाखविला गेला. तेथे त्याला पुरस्कारही मिळाले. तथापि ग्रीक चित्रपटाच्या रूढ इतिहासात त्याची नोंद बहुधा चार-दोन ओळींत आटोपली जाते. ह्या चित्रपटाचे खरे आयुष्य घडले ते संग्राहकांच्या हाती: प्रथम एकमेकांकडून मिळविलेल्या ध्वनिचित्रफितींच्या प्रतींवर, आणि पुढे ह्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील सिनॅप्स फिल्म्स ह्या संस्थेने काढलेल्या डीव्हीडीवर. दुर्मीळ आणि विक्षिप्त चित्रपटांचा संग्रह करणाऱ्यांच्या वर्तुळात त्याचे नाव आदराने, आणि काहीशा धास्तीनेही, घेतले जाते.

ह्या आदरातच एक पेच आहे. निकोलाईदिस ह्यांनी आपण प्राचीन ग्रीक शोकांतिकेचे काही घटक वापरून एक विनोदी चित्रपट करीत आहोत अशाच समजुतीने 'सिंगापूर स्लिंग'चे चित्रण केले होते, आणि तसे त्यांनी पुढे सांगूनही ठेवले आहे. युरोप-अमेरिकेतील समीक्षकांनी त्याची गणना अत्यंत अस्वस्थ करणाऱ्या चित्रपटांत केली, ब्रिटिश अभ्यवेक्षकांनी तर त्याला दार बंद केले, तेव्हा बिघाड आपल्यात आहे की सर्वांतच आहे असा प्रश्न आपल्याला पडला, असा त्यांच्या म्हणण्याचा उपरोधिक आशय होता. संग्राहकांनी मात्र समीक्षकांचे म्हणणे ग्राह्य धरले. त्यांच्या फडताळात हा चित्रपट आढळतो तो भयपट आणि निषिद्ध चित्रपट ह्यांच्या शेजारी, विनोदी चित्रपटांच्या खणात नव्हे. ज्यांनी तो राखला त्यांनीच त्याला दिग्दर्शकाच्या मनात नसलेले नाव दिले. कृतीचा प्रकार कोण ठरवितो, कर्ता की कृती जपणारा, हा वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित असलेला प्रश्न येथे असा प्रत्यक्ष रूपात उभा राहतो.

चित्रपटाला एक ग्रीक उपशीर्षक आहे. त्याचा अर्थ 'शवावर प्रेम करणारा माणूस' असा होतो. कथानक सांगायला सोपे नाही, कारण त्यातील घटना थोड्या आणि सोंगे पुष्कळ. मुसळधार पावसाच्या रात्री एका एकाकी बंगल्याच्या बागेत दोन स्त्रिया, आई आणि मुलगी, आपल्या मोटारचालकाला पुरण्यासाठी खड्डा खणीत आहेत. खांद्यात गोळी घुसलेला एक गुप्तहेर त्या बंगल्यापर्यंत येऊन पोहोचतो. तो लॉरा नावाच्या स्त्रीच्या शोधात आहे. तिच्यावर त्याचे प्रेम होते, किंवा ती नाहीशी झाल्यानंतर ते जडले; निश्चित सांगणे कठीण. प्रेक्षकाला लवकरच कळते की लॉरा ह्याच घरी चिटणीस म्हणून नोकरीस आली होती आणि ह्याच दोघींनी तिला मारले. ह्या घरी नोकरमाणसे फार दिवस टिकत नाहीत असे म्हणावयास हरकत नाही. त्या जखमी माणसाचे नाव दोघींना ठाऊक नसते. त्याच्या खिशातील टिपणवहीत 'सिंगापूर स्लिंग' ह्या मद्यमिश्रणाची कृती सापडते, म्हणून तेच त्याचे नाव ठरते. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाले असे मानले जाणारे हे पेय जिन आणि चेरीचे मद्य ह्यांपासून बनते. एखाद्या शोकनायकाचे पेयाच्या पाककृतीवरून बारसे करणे ही प्रहसनाचीच चाल होय. आणि ती चित्रपटाच्या शीर्षकातच आहे.

ह्यानंतर त्याला बांधून ठेवणे, छळणे आणि त्याच्यासमोर सोंगे वठविणे हा क्रम सुरू होतो. मुलगी लॉरा बनते, आई दुसरेच कोणी बनते, मृत पित्याचीही भूमिका वाटून घेतली जाते. जेवणाच्या मेजावरील शिष्टाचार काटेकोर आणि जेवण मात्र ओकारी आणणारे, असा विरोध वारंवार योजलेला आहे. अखेरीस मुलगी आणि गुप्तहेर मिळून आईचा काटा काढतात. उरलेले दोघे भूमिकांची नवी वाटणी करतात. तो खेळ दोघांच्याही मृत्यूपर्यंत जातो आणि गुप्तहेर स्वतःच खणलेल्या खड्ड्यात जाऊन पडतो. आरंभी खड्डा, शेवटीही खड्डा.

ह्या चित्रपटाच्या भाषायोजनेकडे भारतीय वाचकाचे लक्ष विशेषत्वाने जावे. गुप्तहेर प्रत्यक्षात जवळजवळ मुका आहे. त्याचे मनोगत पडद्याआडून ऐकू येते आणि ते ग्रीकमध्ये आहे. दोघी स्त्रिया इंग्रजी बोलतात. त्यातही आई आपले वाक्य आधी फ्रेंचमध्ये म्हणते आणि लगेच तेच इंग्रजीत पुन्हा म्हणते, जणू घरंदाजपणाचा दाखला आधी पुढे करावा आणि मग व्यवहाराचे बोलावे. दोघीही मधूनच छायाचित्रकाच्या भिंगात पाहून थेट प्रेक्षकाशी बोलतात, पाहुण्याला घर दाखविणाऱ्या यजमानिणीच्या थाटात. परिणामी ग्रीक प्रेक्षकाला हा ग्रीक चित्रपट निम्म्याहून अधिक परभाषेत ऐकावा लागतो आणि परदेशी प्रेक्षकाला नायकाचे अंतरंग तेवढे अनुवादातून कळते. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, नायिका शौरसेनी बोलते आणि प्रेक्षकाला त्यात वावगे वाटत नाही. तेथे भाषांची उतरंड समाजाच्या उतरंडीची छाया असते. निकोलाईदिस ह्यांनी हीच उतरंड उलटी करून हास्यास उपयोगी केली आहे. देशभाषा बोलणारा एकटा पुरुष, तोही जेरबंद. आणि परभाषेचे ऐश्वर्य मिरविणाऱ्या दोघी त्याच्या मालकिणी.

चित्रपटाचे मूळ शोधण्यासाठी ग्रीसबाहेर जावे लागते. व्हेरा कॅस्परी ह्या अमेरिकन लेखिकेची 'लॉरा' ही कादंबरी १९४३ साली पुस्तकरूपाने आली आणि पुढच्याच वर्षी ऑटो प्रेमिंजर ह्यांनी तिच्यावर चित्रपट केला. खून झालेल्या एका तरुणीच्या प्रकरणाचा तपास करणारा पोलीस अधिकारी तिच्या घरी जातो. तिची पत्रे, तिची रोजनिशी आणि भिंतीवरचे तिचे तैलचित्र ह्यांच्या सहवासात तो हळूहळू त्या मृत स्त्रीच्याच प्रेमात पडतो. एका रात्री तो त्या चित्राखाली खुर्चीत झोपला असता दार उघडून लॉरा आत येते. खून दुसऱ्याच स्त्रीचा झालेला असतो. फ्रेंच समीक्षकांनी १९४६ च्या सुमारास ज्या अमेरिकन चित्रपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', ही संज्ञा लावली त्यांत 'लॉरा'चा समावेश होता. रात्र, पाऊस, जखमी आणि थकलेला शोधक, त्याचे आत्मनिवेदन, धोकादायक स्त्री ही त्या परंपरेची परिचित सामग्री. निकोलाईदिस ह्यांनी ती सर्व सामग्री उचलली आहे आणि एकच गोष्ट नाकारली आहे: त्यांच्या चित्रपटात दार उघडून लॉरा येत नाही. येते ते तिचे सोंग, आणि तेही तिच्या मारेकरणीने घेतलेले.

ह्या एका नकारामुळे प्रेमकथेचे प्रहसनात रूपांतर होते, ते कसे हे समजून घेण्यास नाट्यशास्त्राचा आधार घेणे अप्रस्तुत ठरू नये. भरताने शृंगारापासून हास्याची उत्पत्ती सांगितली आहे आणि हास्य म्हणजे शृंगाराची अनुकृती असे त्याचे विवरण केले आहे. अभिनवगुप्ताने ह्याचा विस्तार केला. कोणत्याही रसाचा आभास, म्हणजे अनुचित स्थळी त्याची प्रवृत्ती, हास्याला कारण होते, मग तो मूळ रस करुण असो वा अन्य कोणताही, असे त्याचे प्रतिपादन आहे. हास्याच्या विभावांत विकृत वेष आणि विकृत अलंकार ह्यांना भरताने अग्रस्थान दिले आहे. 'सिंगापूर स्लिंग'मधील आईचे जडजवाहीर आणि दोघींची प्रसंगागणिक बदलणारी वेषभूषा पाहताना हे विवेचन आठवल्यावाचून राहत नाही. प्रेमिंजरच्या चित्रपटातील शृंगाराचा, आणि त्याला जोडून असलेल्या करुणाचा, हा पद्धतशीर आभास आहे. भरताने शृंगाराचा वर्ण श्याम आणि हास्याचा शुभ्र सांगितला आहे. चित्रपट कृष्णधवल असण्याशी त्याचा संबंध लावणे म्हणजे अर्थात् थट्टाच, पण ती निकोलाईदिस ह्यांना रुचली असती.

अडचण आहे ती बीभत्साची. भरताच्या मांडणीत बीभत्सापासून भयानक संभवतो, हास्य नव्हे. एकाच दृश्यात शृंगाराचा आभास आणि प्रत्यक्ष बीभत्स एकत्र आले म्हणजे प्रेक्षक दोन दिशांना ओढला जातो. हसू येण्याच्या क्षणी किळस त्याला अडविते. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे: चित्रपटाच्या उत्तरार्धात हा तोल पुष्कळदा सुटतो. छळाच्या प्रसंगांची पुनरावृत्ती होते, सोंगांतील चातुर्य ओसरते आणि उरते ती केवळ प्रेक्षकाच्या सहनशीलतेची परीक्षा. समीक्षकांना हा चित्रपट अस्वस्थ करणारा वाटला ह्यात त्यांचा सर्वस्वी दोष मानता येणार नाही. परंतु पूर्वार्धातील दफनाचा प्रसंग, नामकरणाचा प्रसंग आणि आईचे द्विभाषिक आतिथ्य ही उत्तम प्रहसनाची स्थळे आहेत आणि त्यांना केवळ भयपटाचे दालन समजणे हा वाचनदोषच होय.

दिग्दर्शकाने शोकांतिकेचा उल्लेख केला, तोही निव्वळ उपरोध म्हणून सोडून देण्याजोगा नाही. अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत तीन शोकांतिकांनंतर चौथे नाटक सॅटरांचे, म्हणजे अर्धपशू वनचरांच्या वृंदाचे, हसविणारे असे. इ. स. पू. ४३८ मध्ये युरिपिडीझने ह्या चौथ्या जागी 'अल्केस्टिस' हे नाटक सादर केले. पतीऐवजी स्वतः मरण पत्करणाऱ्या पत्नीची ती कथा. मरणोन्मुख पत्नीला ॲडमीटस वचन देतो की निपुण कारागिरांकडून तुझी प्रतिमा घडवून ती मी शय्येवर ठेवीन आणि तिलाच मिठी मारीन. शोकगृहात येऊन मद्यपान करणारा हेराक्लीस पुढे मृत्यूशी झुंजून एका अवगुंठित स्त्रीला परत आणतो आणि यजमानाची थट्टा करीत ती त्याच्या हाती देतो. परत आलेली अल्केस्टिस नाटकाच्या अंतापर्यंत एक शब्दही बोलत नाही. ती खरोखर कोण, अशी शंका येण्याइतके ते मौन दीर्घ आहे. प्रतिमेवरील प्रेम, मृतेचे पुनरागमन, शोक आणि विनोद ह्यांची एकत्र बैठक: लॉराच्या तैलचित्रापर्यंतची सारी वाट ह्या नाटकात आखलेली दिसते. निकोलाईदिस ह्यांचा पहिला दीर्घ चित्रपट 'एव्रिदिकी बीए २०३७' (१९७५) हाही मृत पत्नीच्या शोधात पाताळात जाणाऱ्या ऑर्फियसच्या कथेवरच बेतलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे 'शवावर प्रेम करणारा माणूस' हे उपशीर्षक आकस्मिक वाटत नाही.

भारतीय वाङ्मयालाही ही वाट अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वात रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन प्रमद्वरेला उठवितो. वेतालाच्या कथांत एका मृत कन्येच्या तीन वरांपैकी एक तिच्या राखेपाशीच राहतो. आणि बोधायनाच्या नावावर असलेल्या 'भगवदज्जुकीय' ह्या प्रहसनात तर यमदूताच्या चुकीने मेलेल्या गणिकेच्या शवात एक परिव्राजक योगबळाने प्रवेश करतो, यमदूत गणिकेचा जीव त्या परिव्राजकाच्या देहात घालतो आणि मग संन्याशाच्या तोंडी गणिकेचे लाडिक बोलणे व गणिकेच्या तोंडी वैराग्याचा उपदेश अशी गंमत उडते. शव हे हास्याचे आलंबन होऊ शकते, मात्र त्यासाठी शवात दुसरे कोणी तरी बोलले पाहिजे, हे त्या प्रहसनकाराने ओळखले होते. 'सिंगापूर स्लिंग'मधील मुलगी लॉरा बनून बोलते तेव्हा नेमके हेच घडते. फरक एवढाच की संस्कृत प्रहसनात शेवटी ज्याचा जीव त्याच्या देहात परत जातो. ग्रीक चित्रपटात परत जाण्यास देहच शिल्लक राहत नाही.

अपराध आणि विनोद ह्यांची सांगड ग्रीक प्रेक्षकाला नवी होती असेही नाही. १९३५ साली अपोस्तोलोस मांगानारिस ह्यांनी सुरू केलेल्या 'मास्का' ह्या स्वस्त नियतकालिकाने अमेरिकन गुप्तहेरकथा ग्रीक वाचकांपर्यंत नेल्या. त्या मासल्याच्या नियतकालिकांचे जुने अंक आज ग्रीक संग्राहकांच्या आवडीचा विषय आहेत. पुढे यानिस मारिस (१९१६–१९७९) ह्यांनी पोलीस अधिकारी बेकास हे पात्र निर्माण करून रहस्यकथेला अथेन्सच्या वस्त्यांत आणून बसविले. पडद्यावर १९५९ मध्ये अलेकोस साकेलारिओस ह्यांच्या 'इलियास, सोळाव्या ठाण्याचा' ह्या चित्रपटात कोस्तास हादझिख्रिस्तोस ह्यांनी पोलिसाचे सोंग घेणारा गरीब माणूस रंगविला. १९६७ मध्ये थानासिस वेंगोस ह्या अफाट लोकप्रिय विनोदी नटाने '०००' हा क्रमांक धारण करणारा हेर उभा केला. तेथे शीर्षकातच 'गुप्त' हेराऐवजी 'उघड' हेर असा विपर्यास आहे आणि हेर ह्या अर्थी 'प्राक्तोर' हे शुद्धभाषेतील जड रूप वापरले आहे. ग्रीसमध्ये शुद्धभाषा आणि लोकभाषा ह्यांचा वाद शासकीय पातळीवर १९७६ साली लोकभाषेच्या बाजूने निकालात निघाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या एका शब्दातील खोडी कळेल. ह्या चित्रपटांतील अपराध निरुपद्रवी असतो आणि शेवट गोड. निकोलाईदिस ह्यांनी त्यांतील सोंगाची युक्ती घेतली आणि गोडवा टाकून दिला.

तरीही त्यांना ह्या लोकप्रिय परंपरेचे वारस म्हणता येत नाही, आणि गंभीर परंपरेनेही त्यांना आपले म्हटले नाही. 'एव्रिदिकी' ज्या १९७५ साली आला त्याच वर्षी थिओ अँजेलोपूलोस ह्यांचा 'फिरते नट' हा चित्रपट आला आणि पुढील अनेक वर्षे परदेशांत ग्रीक चित्रपट म्हणजे अँजेलोपूलोस असे समीकरण होऊन बसले. दीर्घ, संथ, इतिहासाच्या भाराने वाकलेली ती शैली थोर आहे ह्यात वाद नाही. पण त्या थोरवीच्या सावलीत, जाहिरातपटांवर चरितार्थ चालविणारा, कादंबऱ्या लिहिणारा, आणि आपल्या 'प्रभातफेरीचा पहारा' (१९८७) ह्या चित्रपटाच्या संवादांत डॅफ्नी दु मॉरिये, फिलिप के. डिक आणि रेमंड चँडलर ह्यांच्या लेखनातील उतारे खुशाल पेरणारा दिग्दर्शक कोणत्या रकान्यात मांडावा, हे इतिहासकारांना सुचले नाही. ज्याला रकाना नाही ते संग्राहकाकडे जाते.

संग्राहकाला ह्या चित्रपटाचे आकर्षण का वाटावे, ह्याची वरवरची कारणे सहज सांगता येतात: तो दुर्मीळ आहे, एका देशात निषिद्ध ठरला आहे, त्याविषयी ऐकलेले पुष्कळ आणि पाहिलेले थोडे असते. परंतु एवढ्याने एखादी वस्तू विकत घेतली जाईल. तिच्यावर वर्षानुवर्षे प्रेम केले जाणार नाही. वॉल्टर बेंजामिन ह्यांनी १९३१ मध्ये आपला ग्रंथसंग्रह पेटाऱ्यांतून बाहेर काढण्याच्या निमित्ताने जो निबंध लिहिला, त्यात संग्राहकाचे वस्तूशी असलेले नाते उपयोगाच्या पलीकडचे असते असे सुचविले आहे. वस्तूचे प्राक्तन, ती कोणाकडून कशी आली, ह्यात त्याला रस असतो. 'सिंगापूर स्लिंग'च्या बाबतीत हे प्राक्तन कथेशीच जुळते. गेलेल्या स्त्रीचा वस्तूंवरून माग काढणारा, प्रतिमेवरच भागविणारा गुप्तहेर आणि नामशेष होऊ घातलेल्या चित्रपटाच्या प्रतीमागे हिंडणारा संग्राहक हे एकाच कुळातील आहेत. शवावर प्रेम करणारा माणूस पडद्याच्या दोन्ही बाजूंना असतो. ह्या चित्रपटाचा रसिक स्वतःची थट्टा त्यात ओळखतो, निदान ओळखावी अशी सोय दिग्दर्शकाने केलेली आहे.

दुसरे कारण संदर्भांचे. प्रेमिंजरचा 'लॉरा' ज्याने पाहिला नाही त्याला ह्या चित्रपटात क्रौर्य दिसेल, अनुकृती दिसणार नाही. आणि अनुकृती दिसली नाही तर हास्यही नाही. संग्राहकाच्या फडताळात मात्र 'लॉरा' बहुधा असतोच. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहणे, एकातील दृश्याचे दुसऱ्यातील विडंबन टिपणे हा त्याचा आनंद. ह्या दृष्टीने पाहता दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेला सहृदय प्रेक्षक संग्राहकांतच सापडण्याचा संभव सर्वांत अधिक होता. तरीही चित्रपट भयपटांच्या खणात कसा गेला?

ह्याचे उत्तर काही अंशी प्रतींच्या स्थितीत शोधावे लागते. छायाचित्रकार आरिस स्ताव्रू ह्यांचे कृष्णधवल चित्रण गडद काळोख आणि त्यात झळकणारे अलंकार, काचा, ओले चेहरे ह्यांवर उभे आहे. घरगुती व्हीएचएस फितीवर चित्राची सूक्ष्मता आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकीच टिकते, आणि फितीवरून फीत उतरविली की प्रत्येक पिढीला ती आणखी घटते. अशा प्रतीत काळा रंग करडा होतो, वस्त्रांचे पोत विरघळतात, आईच्या चेहऱ्यावरील यजमानिणीचे कृत्रिम स्मित दिसेनासे होते. किंकाळ्या मात्र ऐकू येतच राहतात. हास्य सूक्ष्म तपशिलावर जगते, किळस आणि भय ठळक रेषेवरही निभावून नेतात. अस्पष्ट प्रतीने विनोद गाळला आणि बीभत्स तेवढा पुढच्या प्रेक्षकाकडे पोहोचविला असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही. त्यातून प्रवाद निर्माण झाला, प्रवादातून मागणी वाढली, आणि स्वच्छ प्रत उपलब्ध झाली तोवर वेष्टनावर काय छापावे हे ठरून गेले होते.

येथे संग्राहकांच्या कामाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे, कारण तिची थोरवी सहसा लक्षात घेतली जात नाही. एखाद्या चित्रपटाच्या भिन्न प्रती मिळवून त्यांची लांबी ताडून पाहणे हा त्यांचा नित्याचा उद्योग. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चालतो. युरोपातील पाल पद्धतीच्या दूरचित्रवाणीवर आणि फितींवर तो रूढीने २५ चौकटींच्या गतीने धावे. त्यामुळे 'सिंगापूर स्लिंग'सारखा १११ मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता सुमारे १०७ मिनिटांत संपावा. अनभ्यस्त माणूस म्हणेल चार मिनिटे कापली; जाणता संग्राहक गुणाकार करून पाहील आणि मगच अभ्यवेक्षकाला दोष देईल. उपशीर्षकांतील भेद, श्रेयनामावलीतील फरक, वेष्टनावरील चुकीची नोंद ह्या सर्वांचे टाचण तो ठेवतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली तेव्हा हस्तलिखितांच्या वाचनाची जी शिस्त पाळली गेली, तिच्याशी ह्या हौशी उद्योगाची तुलना करणे धाडसाचे होईल. परंतु पाठभेद म्हणजे अपघात नव्हे, तो कृतीच्या प्रवासाचा पुरावा आहे, ही जाणीव दोहोंत समान आहे. हस्तलिखिते राखणाऱ्या घराण्यांतही सर्वच पंडित नव्हते. पुष्कळांनी पोथ्या सांभाळल्या त्या देवघरात, अर्थ न लावता. पोथी टिकली म्हणून पुढे अर्थ लावता आला.

मात्र पोथी सांभाळणारा तिच्यावर दुसऱ्या ग्रंथाचे नाव घालीत नसे. निदान हेतुपुरस्सर घालीत नसे. चित्रपटांच्या व्यापारात ते सर्रास घडते. मर्यादित आवृत्ती, नवे वेष्टन, 'सर्वांत भयंकर' अशी ग्वाही, ह्या साऱ्याचा संग्राहकाच्या हौसेवर परिणाम होतो आणि त्या हौसेचा पुन्हा व्यापारावर. अस्वस्थ करण्याची क्षमता हा मग कृतीचा गुण न राहता तिची किंमत होते. अशा बाजारात 'हा विनोदी चित्रपट आहे' असे कर्त्याचे निवेदन अडचणीचे ठरते आणि तेही एक विक्षिप्त किस्सा म्हणून वेष्टनाला चिकटविले जाते. निकोलाईदिस ह्यांचे म्हणणे सर्वत्र उद्धृत होते आणि क्वचितच कोणी ते खरे मानून चित्रपट पाहतो.

ह्या स्थितीत थोडा पालट झाला तो एका अनपेक्षित दिशेने. २००९ साली योर्गोस लँथिमोस ह्यांच्या 'सुळा' ह्या ग्रीक चित्रपटाला कान येथील महोत्सवात 'अँ सर्तें रगार' विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पुढे तो ऑस्करच्या स्पर्धेतही पोहोचला. कुंपणाआड कोंडलेले एक कुटुंब, शब्दांना भलतेच अर्थ शिकविणारे आईबाप, निर्विकार चेहऱ्याने केलेली हिंसा आणि तिच्यातून उमटणारे कोरडे हसू. ह्या वेळी समीक्षकांना त्यातील विनोद दिसला आणि त्यांनी तो नोंदविलाही. त्या चित्रपटातील आईची भूमिका मिशेल वॅली ह्यांनी केली आहे. एकोणीस वर्षांपूर्वी 'सिंगापूर स्लिंग'मध्ये फ्रेंच आणि इंग्रजी असे प्रत्येक वाक्य दोनदा म्हणणारी आई त्याच होत्या. 'सुळा' आवडलेले अनेक तरुण प्रेक्षक ह्या अभिनेत्रीचा माग काढीत मागे जातात आणि जुन्या चित्रपटाची प्रत मिळवितात. भयपटांच्या खणातून काढून ती ते 'सुळा'च्या शेजारी ठेवतात. निकोलाईदिस ह्यांचे निधन त्याआधी दोन वर्षे, सप्टेंबर २००७ मध्ये झाले होते.